अडलेला स्कॅनर : नवनियुक्त लिपिकांसाठी प्रथमोपचार

टेबल पहिल्या दिवशी मिळेल, खुर्ची दुसऱ्या आठवड्यात. स्कॅनर मात्र लगेच मिळेल. त्यासाठी ‘तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं ना?’ एवढी एकच मुलाखत असते. आधी ज्यांच्याकडे तो होता त्यांची बदली झालेली असते आणि चार्ज यादीत ‘स्कॅनर, नग १, सुस्थितीत’ असे लिहून ते मोकळे झालेले असतात. सही करण्याआधी एक कागद घालून पाहा. कागद आत गेला आणि बाहेर आला नाही तरी सही करावीच लागेल. पण निदान तो कागद कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असेल.

कंपनीच्या पुस्तिकेवर विसंबू नये. ती कपाटात आहे, कपाटाची किल्ली अव्वल कारकुनांकडे आहे आणि अव्वल कारकून निवडणुकीच्या कामावर आहेत. शिवाय पुस्तिका लिहिणाऱ्याने कागद हा सुटा, सपाट, कोरडा आणि एका मापाचा असतो असे गृहीत धरले आहे. आपल्याकडे असा कागद फक्त न फोडलेल्या रिममध्ये सापडतो. एकदा तो कामाला लागला की त्याला टाचणी लागते, टॅग ओवला जातो, तिकीट चिकटते, फोटो चिकटतो, आणि चार घड्या होऊन अर्जदाराच्या खिशातून तो एसटीने तालुक्याला येतो. स्कॅनरच्या तक्रारी वाचताना एवढे ध्यानात ठेवले की पुरे : यंत्राला कागद एकेकटा हवा आहे आणि कचेरीला तो बांधलेला हवा आहे. तुमची नेमणूक या दोघांच्या मधोमध झालेली आहे.

स्कॅनर सुरूच होत नाही

प्लग पाहा. एक्स्टेन्शन बोर्डावर तीन जागा असतात. एकीत संगणक, दुसरीत कुणाचा तरी मोबाइल, तिसरीत स्कॅनर. विदर्भात असाल तर मार्च ते जून तिसरी जागा कूलरची. कूलर काढून स्कॅनर लावण्याचे धाडस नवीन माणसाने करू नये.

सकाळी चालू होता आणि जेवणानंतर बंद पडला, तर तो बिघाड नव्हे. पुष्कळ मॉडेले चार तास काम मिळाले नाही की आपणहून बंद होतात. बटण दाबा आणि चार तास काम का नव्हते याची चर्चा मोठ्याने करू नका.

कागद अडकला

ओढू नका. हे पहिले, आणि कुणी न ऐकण्याचे कलम. तुम्ही झाकणापर्यंत पोचायच्या आत शेजारच्या टेबलावरून कुणीतरी येऊन कागद उलट्या दिशेने ओढतो, निम्मा कागद त्याच्या हातात येतो, आणि ‘आता निघेल बघा’ म्हणून तो चहाला जातो. झाकण उघडा, कागद ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने सावकाश काढा, आणि सगळा निघाला का ते तुकडे जुळवून पाहा. आत राहिलेला नखाएवढा कोपरा पुढचे दहा कागद अडवतो.

आता तो का अडकला, ते पाहू. ट्रेच्या तोंडाशी एक रबरी रोलर असतो, तो कागद आत खेचतो. त्याच्या समोर दुसरा रोलर किंवा रबरी पट्टी असते. तिचे काम म्हणजे खालून-वरून चिकटून येणाऱ्या दुसऱ्या कागदाला मागे थोपवणे. सगळी करामत या दोन रबरांमधल्या ओढाताणीवर चालते. तिथे स्टेपलची पिन आली की ती रबराला चरा पाडते, पुढे जाऊन काचेलाही पाडते. म्हणून आधी टाचण्या काढायच्या. टाचणी पुढे दिसते तेवढीच नसते. जुन्या नस्तीत एकाच कोपऱ्यात तीन पिढ्यांच्या टाचण्या सापडतात, सर्वांत खालची गंजून कागदाचाच भाग झालेली. पिन रिमूव्हर मागवा. तो येईपर्यंत कार्यालयात पूर्वापार चालत आलेले साधन वापरा, म्हणजे दुसरी टाचणी.

टॅगचे प्रकरण वेगळे. आपण नस्तीला डाव्या वरच्या कोपऱ्यात भोक पाडून टॅग ओवतो. दहा वेळा नस्ती उघडली-मिटली की तो कोपरा फाटतो, आणि स्कॅनरमध्ये नेमका तोच आधी आत जातो, दुमडतो, अडकतो. यावर उपाय सोपा आहे आणि तो मला कुठल्याही पुस्तिकेत भेटला नाही : कागद खालची बाजू पुढे करून घाला आणि सॉफ्टवेअरमध्ये पान १८० अंशांत फिरवा. खालचे कोपरे सहसा शाबूत असतात. तिथपर्यंत नस्ती कुणी वाचलेली नसते.

फारच फाटका कागद असेल तर तो पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवून घालतात. त्याला कॅरिअर शीट म्हणतात. ती कित्येकदा यंत्राच्या खोक्यातच येते. सापडत नसेल तर भिंतीवर लावलेली सुट्ट्यांची यादी कशात घातली आहे ते पाहा.

दोन कागद एकदम गेले

यंत्र थांबते आणि ‘डबल फीड’ म्हणते. कित्येकदा ते खरे बोलत असते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये कागद हवेतले पाणी पितो आणि शेजाऱ्याला सोडत नाही. गठ्ठा वाकवून चारी कडा मोकळ्या करून घ्या, थोडे थोडे कागद ठेवा. बोटाला थुंकी लावून मोजलेला गठ्ठा वेगळा ओळखू येतो. त्याचे उजवे कोपरे आधी चिकटतात. स्पंजची डबी ठेवणाऱ्यांनी उगाच ऐट मिरवू नये, ओला कागद तो ओला कागदच.

पण कधी कधी कागद एकच असतो आणि यंत्र दोन म्हणते. चांगल्या स्कॅनरमध्ये कागदाच्या एका अंगाने आवाजाची लहर सोडतात, आपल्या कानाला न ऐकू येणारी, आणि पलीकडे ती किती पोचली ते मोजतात. दोन कागदांत हवेचा पापुद्रा राहिला की लहर मंदावते. अर्जावर डिंकाने चिकटवलेला पासपोर्ट फोटो आणि कोर्ट फी स्टॅम्प यांच्याखालीही असाच पापुद्रा असतो. म्हणजे यंत्राच्या लेखी अर्ज हा एक कागद आणि अर्जदार हा त्याला चिकटून आत घुसू पाहणारा दुसरा. सेटिंगमध्ये ही तपासणी पानाच्या ठरावीक भागापुरती बंद करता येते. सरसकट बंद करू नका. मग खरोखर दोन कागद एकदम जातात, मधले पान नस्तीतून नाहीसे होते, आणि ते सापडते माहिती अधिकाराच्या अपिलात.

दोन्ही कारणे नसतील तर रोलर झिजला. कागदाची बारीक धूळ बसून रबर गुळगुळीत होते आणि घसरू लागते. पुसले की काही दिवस चालते. पुष्कळ कार्यालयीन मॉडेलांत रोलर दोन लाखांच्या आसपास कागदांनंतर बदलायचे असतात, आणि यंत्र तशी सूचना पडद्यावर देते. सूचनेच्या खालीच मोजणी शून्य करण्याचे बटण असते. ते नवा रोलर बसवल्यावर दाबायचे असते. तुमच्या आधीच्या दोघांनी ते नुसतेच दाबलेले आहे, त्यामुळे यंत्राच्या नोंदीप्रमाणे तुमचा रोलर नवाकोरा आहे.

प्रत्येक पानावर एक उभी रेघ येते

हा सर्वांत जास्त गैरसमजाचा आजार. वरिष्ठ म्हणतील, यंत्र गेले. नवीन घ्या. थांबा.

आधी एक प्रयोग करा. तोच कागद वरच्या ट्रेमधून न घालता झाकण उघडून सपाट काचेवर ठेवून स्कॅन करा. (नुसता ट्रेचा स्कॅनर असेल तर हा परिच्छेद मान डोलावून वाचा.) रेघ गेली? मग यंत्र ठणठणीत आहे. सपाट काचेवर कागद स्थिर असतो आणि वाचणारी दांडी त्याच्याखालून सरकते; काचेवर ठिपका असला तर चित्रात ठिपकाच येतो. ट्रेमधून घातल्यावर उलटे होते : दांडी एका जागी उभी राहते आणि कागद तिच्यावरून धावतो. तिथल्या अरुंद काचपट्टीवर मोहरीएवढा जरी डाग असला, तरी दांडी पानाच्या वरपासून खालपर्यंत तोच डाग हजारो वेळा वाचते. त्याची रेघ होते. त्या एका ठिपक्यापायी गावोगावच्या उताऱ्यांना समास आखले गेले आहेत.

काचपट्टी शोधा, मोठ्या काचेच्या डाव्या अंगाला, बोटभर रुंद. समोरून पाहिले तर ती स्वच्छच दिसते. मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. आता दिसेल : पांढरा, किंचित फुगीर, कडेला पिवळा पडलेला ठिपका. व्हाइटनर. कुणीतरी तारीख दुरुस्त केली, फुंकर मारली, वाळला असे समजून कागद घातला, आणि ती तारीख काचेला चिकटून राहिली. ब्लेडने खरवडू नका. काचेवर चरा पडला तर रेघ कायमची. मऊ कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ठिपक्यावर थोडा वेळ धरा, मग पुसा. मागणीपत्रात ‘अल्कोहोल’ लिहिल्यास लेखाशाखा नस्ती परत पाठवील, ‘सफाई द्रव’ लिहावे.

२०२० पासून कपाटात पडलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या या कामाला चालतील असे कुणीतरी सुचवेल. चालत नाहीत. त्यांत हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीनसारखे काहीतरी घातलेले असते. ते काचेवर थर धरून राहते, आणि एका रेघेच्या जागी पानभर धुके येते. कापडाचेही तसेच. धागे न सोडणारे कापड हवे. कार्यालयात उपलब्ध असलेले कापड म्हणजे शिपाईमामांच्या खांद्यावरचे. ते दिवसभरात टेबल, चहाचे पेले आणि ध्वजस्तंभाचा कठडा पुसून आलेले असते.

पानाचा तळ कापला जातो

ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब, लीगल ३५६. यंत्र ए-फोरवर ठेवून लीगल कागद घातला की खालचे ५९ मिलिमीटर जातात. आपल्याकडे त्या ५९ मिलिमीटरांत सही, शिक्का, दिनांक आणि ‘समक्ष’ असते. वर उरतो तो मजकूर, ज्याला त्यांच्याशिवाय काही किंमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ए-फोर वापरायचे ठरवले, पण तुमच्या अभिलेख कक्षात त्याच्या आधीचे सगळे न्यायदान लीगल आणि हिरवट लेजर कागदावर झालेले आहे. माप ‘आपोआप ओळखा’ वर ठेवा.

शिक्का दिसत नाही, शेरा दिसत नाही

सेटिंगमध्ये ‘लाल रंग गाळा’ असा पर्याय असतो. लाल चौकटी छापलेले फॉर्म वाचताना चौकटी जाऊन अक्षरे उरावीत, म्हणून तो आहे. तो चुकून चालू राहिला की लाल शाईतल्या साऱ्या हरकती आणि लाल शिक्के पानावरून उतरतात. पान इतके निर्मळ दिसते की काही लोकांना ते आवडते. अशा लोकांपासून सावध राहावे.

दुसरा पर्याय ‘कोरी पाने वगळा’. पाठीमागे पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘पाहिले, चर्चा करावी’ असे लिहिलेले पान यंत्राला कोरे वाटते. आणि मुळात एका बाजूचेच स्कॅनिंग लावले असेल तर पाठीमागचे शेरे गेलेच. आपल्या नस्तीत पुढच्या बाजूला नियम असतो आणि मागच्या बाजूला निर्णय. दोन्ही बाजू घ्या.

फाइल फार मोठी झाली. मग फार लहान झाली

नवशिक्याला वाटते, जास्त डीपीआय म्हणजे जास्त निष्ठा. गणित करा. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ए-फोर पान २४८० गुणिले ३५०८ ठिपक्यांचे, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके. रंगीत असेल तर ठिपक्याला तीन बाइट, एकूण २६ एमबी. ६०० डीपीआय केले की दुप्पट नव्हे, चौपट : शंभर एमबीच्या वर. हे दाबून लहान केल्यावरही साध्या अर्जासाठी अवाढव्यच. छापील मजकुराला ३०० पुरतात, काळ्या-पांढऱ्यात तर एमबीभर कच्चा माल होतो आणि दाबल्यावर त्याचाही अगदी थोडा भाग उरतो.

‘आपले सरकार’ पोर्टलला दस्तऐवज ७५ ते ५०० केबी हवा असतो. वरची मर्यादा कुणालाही समजते. खालच्या मर्यादेमुळे तरुण माणसे वयस्कर होतात. ५०० च्या खाली आणायला दाबले की ७१ केबी होते, मग ते परत फुगवायचे. फोटो तर १६० ठिपके रुंद आणि २०० ते २१२ ठिपके उंच. इथे थोडे विषयांतर : १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो ढोलावर गुंडाळून स्कॅन केला. संगणकावर चढलेला तो पहिला फोटो. तो होता १७६ बाय १७६, म्हणजे ३०,९७६ ठिपक्यांचा. आपल्या उत्पन्नाच्या दाखल्यावरचा अर्जदार भरतो किमान ३२,०००. मधल्या काळात माणूस चंद्रावर जाऊन आला.

आकार कमी करण्याची एक लोकप्रिय पद्धत अशी : स्कॅन केलेल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढायचा, तो व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवायचा, उतरवून प्रिंट काढायची, तिच्यावर सही घ्यायची आणि ती स्कॅन करायची. आकार हमखास कमी होतो. मजकूरही होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे भागच असेल तर ‘फोटो’ म्हणून नव्हे, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

आकडे बदलतात

हसण्यावारी नेऊ नका. २०१३ मध्ये जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डाव्हिड क्रीझेल यांच्यासमोर एका इमारतीच्या नकाशाची स्कॅन केलेली प्रत आली. मूळ कागदावर तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. प्रतीत तिन्ही १४.१३. पान स्वच्छ, अक्षर ठसठशीत, कुठे पुसट नाही, खाडाखोड नाही. यंत्रे झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर मालिकेतली. जागा वाचवण्यासाठी त्यांत अशी युक्ती होती की पानावर सारखे दिसणारे ठसे सापडले की एकच ठसा साठवायचा आणि बाकीच्या जागी तोच वापरायचा. बारीक छपाईत ६ आणि ८ तिला सारखेच दिसले. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली.

पुसट स्कॅन निदान आपण पुसट आहोत हे कबूल करते. हा प्रकार गुंठेवारीच्या कागदात झाला तर दोन भाऊबंदांना तीन पिढ्या पुरेल. म्हणून साठवणुकीच्या पर्यायांत सर्वांत कमी जागेचा मोह टाळा, आणि क्षेत्र, आकार, गट क्रमांक मूळ कागदाशी ताडून पाहा. आपल्या १ आणि ९ ला तर यंत्राचीही गरज नसते, वाईट अक्षर पुरते. स्कॅन झाले की मूळ कागद रद्दीत, असा सल्ला मिळेल. नस्तीची वर्गवारी पाहा : ‘ड’ असेल तर वर्षाने, ‘क’ दहा वर्षांनी, ‘ब’ तीस वर्षांनी. ‘अ’ कधीच नाही.

संगणकाला स्कॅनर दिसत नाही

केबल काढून पुन्हा लावा. मागच्या पोर्टला लावा. संगणक बंद करून सुरू करा. एवढ्यावर बरेचसे रुग्ण उठतात.

मोठ्या यंत्रावरून थेट फोल्डरमध्ये जाणारे स्कॅन एकाएकी थांबले तर कारण दोहोंपैकी एक. कुणीतरी संगणकाचा पासवर्ड बदलला आणि यंत्राला सांगितले नाही. नाहीतर जुना संगणक जाऊन नवा आला. २०१७ च्या अखेरीपासून नव्या विंडोजमध्ये फाइल देवाणघेवाणीची एक जुनी, असुरक्षित पद्धत मुळातच बसवलेली नसते, आणि जुन्या यंत्रांना तेवढी एकच येते. ती पुन्हा चालू करून देणारा भाचा प्रत्येक कार्यालयात असतो. करू देऊ नका. मे २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच वाटेने पसरला होता.

जुने रुमाल

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि अभिलेख कक्षांतले कैक वर्षे बांधलेले रुमाल, म्हणजे कापडात गुंडाळलेले कागदांचे गठ्ठे, सुटले. मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, पाने स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. असे पान ट्रेमध्ये घालू नये. कधीच. ते घडीवर तुटते. सपाट काच, किंवा वरून फोटो काढणारा स्कॅनर, आणि पान हलवताना खाली जाड कागदाचा आधार. पान आपोआप सुलटे करण्याची सोय इथे उपयोगाची नाही, कारण यंत्र अक्षरे ओळखून वर-खाली ठरवते आणि मोडी त्याला येत नाही. तुम्हालाही येत नसेल तर शिरोरेघ कुठल्या अंगाला आहे तेवढे बघा. उलटी चढवलेली शंभर पाने वाचायला कुणाला तरी मान मोडून बसावे लागते. हे काम रटाळ आहे आणि ते नीट करावे. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली त्या दिवशी जळालेल्या ज्या नस्तींची दुसरी प्रत नव्हती, त्यांच्यासाठी नंतर काहीच करता आले नाही.

इंजिनिअर

वरील सर्व करून भागले नाही तर इंजिनिअर बोलवावा लागतो. देखभाल करार ३१ मार्चला संपलेला असतो. नूतनीकरणाचा प्रस्ताव ई-ऑफिसवर चढवायचा, त्याला दरपत्रके जोडायची आणि ती स्कॅन करायची. शेजारच्या शाखेत विचारा. ते हो म्हणतील आणि आपल्याकडचा दोनशे कागदांचा गठ्ठा तुमच्यासमोर ठेवतील, कारण त्यांचा स्कॅनर चालतो पण चालवणारा माणूस निवडणुकीच्या कामावर आहे.

इंजिनिअर येईल त्या दिवशी यंत्र उत्तम चालेल. त्याच्यासमोर कोरे, नवे, रिममधले कागद घालू नका. खरा गठ्ठा घाला, फोटोवाला, टॅगवाला, कोकणातला. नाहीतर ‘तपासले, दोष आढळला नाही’ असे लिहून सही घेऊन तो जाईल. काच तो आपल्या पिशवीतल्या पांढऱ्या कापडाने पुसेल. त्याला चहा द्या, गप्पांत गुंतवा, आणि ते कापड तो टेबलावर विसरला तर परत करायला त्याच्या मागे धावू नका. तसले दुसरे तुम्हाला मागणीपत्रावर मिळणार नाही.